दिवाळीत गावी सगळे जमतात, लाईनीचा भरवसा नाही, घरी 150 एएच बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. 30 हजारांत पिक्चर पाहायला प्रोजेक्टर घ्यावा की 43 इंची टीव्ही?

टीव्ही घ्या.

घरी इन्व्हर्टर आहे, 150 एएचची (अँपिअर-तासाची) बॅटरी आहे असं तुम्ही लिहिलंय, मग काळजीच नाही. 12 व्होल्ट गुणिले 150 म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. गळती-बिळती जाऊन 1200 तरी हातात येतात. 43 इंची टीव्ही 80 ते 100 वॅट खातो, म्हणजे तासाला 80 ते 100 वॅट-तास. दिवाळीत पंखे बंदच असतात. लाईन संध्याकाळी गेली आणि पहाटे आली तरी तीन पिक्चर आरामात होतात. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर तेवढं पाहून घ्या, सुट्टीत पाहुण्यांच्या गडबडीत तेच राहून जातं.

आता प्रोजेक्टरचं. हा प्रश्न दिसला आणि रात्री साडेअकराला लिहायला बसलो, कारण या विषयावर आमच्या घरात 2018 पासून भांडण चालू आहे.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातलं, धानाचं. माझा एक शाळेपासूनचा दोस्त आहे, त्याला सिकलसेल आहे, आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. नुसता वाहक (दोष अंगात, पण आजार नाही) नाही, पूर्ण आजार. आमच्या भागात हे समजावून सांगायची गरज नाही, दर दुसऱ्या गावात एक घर आहेच. थंडी, कमी पाणी, जास्त मेहनत, ताप, यातलं एक जरी जमलं की हाडं धरतात. त्यामुळे मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवसात अख्खं गाव रात्रभर नाटकाला गेलं तरी हा घरी. वडशाची नाटक कंपनी, रात्री दहाला पडदा, पहाटे पाचला घरी परत, अंगावर दव. ते त्याला जमण्यासारखं नव्हतंच. शाळेत असताना आम्ही घराघरातून दोन-दोन रुपये गोळा करून भाड्याचा व्हीसीआर आणायचो. मुद्दाम नाटकाच्याच रात्री, त्याच्यासाठी. दिवाळीचा पिक्चर म्हणजे आमच्या दोघांचं ते जुनं खातं.

2018 ला मी हौसेनं सात हजाराचा प्रोजेक्टर घेतला. डब्यावर मोठ्या अक्षरात '4के' छापलं होतं. ते खोटं नसतं पण खरंही नसतं. 4केचा व्हिडिओ तो गिळतो, भिंतीवर पाडतो मात्र 480 ओळींचं जाडंभरडं चित्र. तुम्ही घ्यायचाच म्हणाल तर 'नेटिव्ह' रिझोल्यूशन, म्हणजे भिंतीवर खरं पडणारं, किती ते विचारा, आणि उजेड एएनएसआय ल्युमेनमध्ये, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला, किती ते विचारा. नुसते ल्युमेन दुकानदार वाट्टेल तेवढे सांगतो.

पण खरी गोची वेगळीच निघाली. साध्या प्रोजेक्टरला 100 इंचाचं चित्र पाडायला दहा-अकरा फूट अंतर लागतं. आमची समोरची खोली नऊ फुटाची, त्यात एका भिंतीला धानाची कोठी. चित्र पडलं ते पंचांगाएवढं वाटत होतं. पोरं हसायला लागली. मग मीच म्हटलं, चला अंगणात.

बाबांचं पांढरं धोतर दोन बांबूंना ताणून बांधलं. पुंजण्याच्या (कापलेल्या धानाच्या ढिगाच्या) बाजूला खुर्च्या मांडल्या, दोस्ताला बाज दिली. उजेड पडल्याबरोबर हिरवे तुडतुडे आले. कापणीचे दिवस, बांधीतले (धानाच्या शेतातले) सगळे तुडतुडे त्या धोतरावर. हिरोचं तोंड मोठं झालं की त्याच्या गालावरून पन्नास तुडतुडे चालत जायचे. दोस्त इतका हसला की त्याला ठसका लागला. बाजूच्या गावातून नाटकाच्या भोंग्याचा आवाज येत होता, आमच्या डबड्याचा आवाज त्यात बुडून जात होता, तरी मजा येऊन राहिली होती.

मध्यंतराच्या आसपास तो गप्प झाला. मला वाटलं झोपला. जवळ गेलो तर मांडी दोन्ही हातांनी धरून बसलेला. म्हणाला, "बे, हाडात कोनी खिळे ठोकून राहिला." त्याचा त्रास मी लहानपणापासून पाहिलेला आहे, पण त्या रात्री ओठ पांढरे पडले होते आणि रडू नये म्हणून तो बाजेची दोरी चावत होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

गाडी पाहिजे होती. गाडी दादाची, आणि दादा नाटकाला. फोन लावला. एकदा नाही, बायकोनं नंतर मोजले, सतरा वेळा. भोंग्यापुढे बसलेल्या माणसाला खिशातला फोन कसा ऐकू येणार? शेवटी दोस्ताला मध्ये बसवून, मागून त्याच्या मायनं धरून, मोटारसायकलवर नेलं. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन, ऑक्सिजन. चार दिवस राहिला.

पहाटे साडेपाचला दादा दवाखान्यात आला, डोळे लाल, अंगावर शाल. पहिलं वाक्य काय? "तुया त्या डब्यानंच पडला तो." पोराला कसं आहे हे नंतर. आणि तेव्हापासून लग्न असो, तेरवी असो, चार माणसं बसली की हेच. यानं प्रोजेक्टर आणला आणि दोस्ताला दवाखान्यात पोचवलं.

म्हणून दादा, हे वाचत असशील तर नीट वाच. डॉक्टर मॅडमनी काय विचारलं होतं? दिवसभर काय केलं? तर हा सकाळपासून बांधीत भारे उचलत होता, मजूर मिळाले नाही म्हणून. पाणी किती प्यायला? दुपारी एक तांब्या. गोळ्या? त्याचा त्रास आटोक्यात ठेवणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाची पाकिटं संपून आठ दिवस झाले होते, कापणी झाल्यावर आणू म्हणून ठेवलं होतं. मॅडम एवढंच म्हणाल्या की हे इथे यायला पुरेसं आहे. प्रोजेक्टरचं नाव कोणी काढलं नाही. आणि तू सतरा फोनांपैकी एक जरी उचलला असता तर त्याचा मोटारसायकलवरचा पाऊण तास वाचला असता.

आता थंडीचं. ती माझ्याकडे लागते. नाटकाला नको, थंडी आहे, असं तीस वर्षं त्याला सांगत आलो आणि स्वतःच त्याला उघड्यावर दवात बसवलं. ब्लँकेट आत होतं, आणायचं सुचलं नाही, कारण मी सगळा वेळ धोतर सरळ करत होतो. हे मी दादापुढे कबूल करत नाही. इथे केलं.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. खोली लहान असेल तर प्रोजेक्टरमुळे तुम्ही अंगणात जाणारच, आणि आपल्याकडे भाऊबीजेनंतर रात्री अंगणात बसणं म्हणजे म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं यांचे हाल. त्यातून धानपट्ट्यात असाल तर तुडतुडे आहेतच. टीव्ही खोलीत राहतो, माणसं खोलीत राहतात. पंधरा जणांना 43 इंच लहान पडेल हे खरं आहे, पोरांना खाली सतरंजीवर बसवा. व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर लावा, आमच्या शेजारचा टीव्ही एका झटक्यात गेला.

विचारलं नाही तरी एक सांगतो, जमणाऱ्यांत लग्नाची पोरं-पोरी असतील तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. 2023 पासून केंद्राचं मिशन चालू आहे, 40 वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी त्यात धरली आहे. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळाला पूर्ण आजार असण्याची शक्यता चारात एक. दोस्ताच्या आई-बापाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

बाकी, खोली बारा फुटाच्या वर असेल, अंधार नीट होत असेल आणि वेगळा स्पीकर असेल तर प्रोजेक्टरही चालतो, हे लिहायला हवं. कारण आमचा तो डबा अजून चालू आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पोरं कंटाळली म्हणून दादाच घेऊन गेला, परत दिला नाही. त्याचा हॉल चौदा फुटाचा आहे. बाबांचं धोतरही तिथेच, भिंतीला चार खिळे ठोकून. मागच्या दिवाळीत गेलो तर दोस्त पहिल्या खुर्चीवर, ब्लँकेट घेऊन, पायाशी पाण्याची बाटली. मला म्हणतो, "बस बे. तुया टीव्हीपेक्षा हे मोठं दिसते."