सुंतुखेच्या शेजारी बसताना

प्रिय मुली,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गायनमंडळातल्या त्या बहिणीशी गाण्यावरून बिनसलं, आता दुसऱ्या मंडळीत उपासनेला जाईन म्हणतेस. ठरवण्याआधी बायबलमधलं प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र एका बैठकीत वाच. चारच अध्याय आहेत.

दुसऱ्या अध्यायात ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरचं मरण सोसलं, हे येतं. तिथेच आपण भारावून पुस्तक मिटतो. पण चौथ्या अध्यायात युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणी भेटतात. दोघींनी सुवार्तेसाठी पौलाबरोबर कष्ट उपसलेले, आणि आता एकमेकींशी पटत नाही. भांडण कशावरून, चूक कोणाची, पौल काहीच लिहीत नाही. 'विनंती करतो' मात्र दोनदा लिहितो, एकदा हिला, एकदा तिला. आणि सांगतो काय? एकचित्त व्हा. हेच त्यानं दुसऱ्या अध्यायात सगळ्या मंडळीला सांगितलं होतं, आणि त्यासाठीच ख्रिस्ताचं रिक्त होणं समोर ठेवलं होतं. ते वचन वाचताना मला आता या दोघीच दिसतात.

मंडळीच्या एका निवडणुकीनंतर मी एका बंधूशी दोन वर्षं बोललो नव्हतो. प्रभुभोजनाला तो पुढे गेला की मी मुद्दाम मागे थांबायचो. एका रविवारी अंदाज चुकला आणि कठड्याशी आम्ही शेजारी गुडघे टेकले. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला, पुढचा माझ्या. त्याचा हात थरथरत होता. कंपवात होता त्याला, वर्षभरापासून. मला पत्ताच नव्हता! एकाच भाकरीचे वाटेकरी म्हणवत होतो आम्ही.

एकचित्त म्हणजे एकमत, असं मात्र समजू नकोस. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. बोलणी 1929 पासूनची. बाळांना बाप्तिस्मा देणारे त्यात होते, आणि स्वतः विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणारेही. दोन्ही रीती राहिल्या. तेव्हा गाण्याबद्दलचं तुझं म्हणणं सोडू नकोस, तिला ते नीट सांग. आणि तिनं सर्वांसमोर तुझा अपमान केला असेल, तर तेही स्पष्ट बोल.

शनिवारी सरावाच्या अर्धा तास आधी जा, तिला एकटीला गाठ. धीर होत नसेल तर दोघींना मानणारं एखादं वडीलधारं माणूस सोबत घे. पौलानंही तिथे एका सोबत्याला 'यांना मदत कर' असं सांगितलंय. रविवारी प्रभुभोजन आहे, त्याच्या आत भेट.

काय झालं ते कळव. मी प्रार्थनेत आहे.

प्रभूमध्ये तुझा,
काका