ऑफिसच्या ग्रुपला घेऊन हरिश्चंद्रगडावर मुक्कामी ट्रेक करायचाय, कोणत्या वाटेने जावं आणि वर काय काय बघावं?

बारा जण, त्यातले निम्मे पहिल्यांदाच डोंगर चढणार, एक रात्र वर टेंटमध्ये, कोकणकडा तर बघायचाच, आणि एका मित्राचा हट्ट की नळीच्या वाटेने (कोकणातून घळीतून वर येणारी अवघड वाट) जाऊ, असं सगळं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. मी या गडावर दोघा-तिघांत पण गेलोय आणि मोठ्या ग्रुपला घेऊन पण गेलोय, त्यावरून सांगतो. पाचनईने चढा, पाचनईनेच उतरा, आणि शनिवारी संध्याकाळी पोचून रविवारी सकाळी पळत खाली यायचं हा जो सगळ्यांचा प्लॅन असतो तो तेवढा करू नका. त्यात काय होतं, कड्यावर दोन तास फोटो काढले जातात आणि हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाला वीस मिनिटं मिळतात, ती पण मॅगी खाता खाता. माझं मत विचाराल तर हरिश्चंद्रगडावर जायचं ते देवळासाठी, कडा बोनस.

आधी वाटांचं बघू. गड अहिल्यानगर (आधीचं नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात येतो पण पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या हद्दी इथेच येऊन भिडतात, त्यामुळे तिन्ही बाजूंनी वाटा आहेत. पाचनई नगरच्या बाजूला. मुंबईहून येणार असाल तर घोटी, राजूर करत पाचनई, पुण्याहून आळेफाटा, ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ असं. गाव आधीच बऱ्यापैकी उंचीवर आहे म्हणून चढ कमी, नवख्या लोकांना धरून अडीच-तीन तास पकडा. वाट कड्याच्या पोटाखालून आडवी जाते, डोक्यावर कातळ बाहेर आलेला, मग मंगळगंगेचा ओढा सोबतीला येतो आणि थेट देवळापाशीच बाहेर पडता. चुकायला फारसा वावच नाही.

खिरेश्वरची वाट जुनी आणि जास्त प्रसिद्ध. माळशेजच्या रस्त्यावर खुबी फाटा, तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर गाव, मग तोलार खिंड, खिंडीनंतर रेलिंग लावलेला कातळटप्पा, आणि तो चढून तुम्ही "आलो एकदाचे" म्हणता तेव्हा पठारावरच्या टेकड्या सुरू होतात, एक उतरली की दुसरी, देऊळ काही येत नाही. चार-पाच तास आरामात जातात. वाट सुंदर आहे यात वाद नाही, पण या पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि वाट चुकून रात्रभर अडकलेल्या ग्रुपच्या बातम्या पावसाळ्यात येतच असतात, माणसं गेलेलीही आहेत. बारा जणांत सहा नवखे असताना मी तरी ही वाट धरणार नाही. खिरेश्वर गावात नागेश्वराचं देऊळ मात्र जरूर बघण्यासारखं आहे, छताकडे मान वर करून बघा, शिल्पं आहेत. गाडी माळशेजवरून जाणार असेल तर परतताना वाकडी वाट करा.

कधी जावं? सप्टेंबर संपता संपता ते फेब्रुवारी. भर पावसात हिरवंगार दिसतं हे खरं, पण कोकणकड्यावर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसेलच याची खात्री नाही, आणि केदारेश्वरच्या गुहेपाशी ओढा इतका फुगतो की आत जाताच येत नाही. म्हणजे ज्यासाठी गेलात तेच हुकणार. डिसेंबर-जानेवारीत वर पहाटे दात वाजतात, ऑफिसवाले लोक एक हुडी घेऊन येतात आणि रात्रभर कुडकुडत दुसऱ्याच्या स्लीपिंग बॅगेकडे आशेने बघत बसतात, तेव्हा सामानाची यादी ग्रुपवर टाकताना "थंडी असेल" असं न लिहिता कानटोपी, थर्मल, मोजे असं एकेक नाव लिहा.

आता मुख्य मुद्दा. किल्ला म्हणून बघायला गेलात तर थोडा हिरमोड होईल, तटबुरूज असं फार काही नाही, बालेकिल्ल्यावर थोडे अवशेष आहेत तेवढेच. मराठ्यांनी हा गड १७४७-४८ च्या सुमारास मोगलांकडून घेतला, १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, राजकीय इतिहास म्हणाल तर एवढ्यात आटपतो. पण लढाया-बिढायांच्या कितीतरी आधीपासून हे तीर्थक्षेत्र आहे. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ साधारण सोळा मीटर उंच आहे, शिखर उत्तरेकडच्या देवळांच्या धाटणीचं, आणि आजूबाजूचा कातळ कोरून केलेल्या गुहा, पाण्याची टाकी, प्राकाराची (देवळाभोवतीची) भिंत, सगळं त्याच काळ्या बेसॉल्टमधलं. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर, त्या थरातच छिन्नी लावून हे काढलंय. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं, तेव्हा बघा, दुपारी बाराला सगळं सपाट दिसतं.

देवळात शिलालेख आहेत, आणि तिथेच आपल्या ओळखीचं एक नाव भेटतं, चांगदेव. वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला आलेले, कोरं पत्र पाठवणारे, ज्यांच्यासाठी चांगदेव पासष्टी लिहिली गेली तेच. त्यांनी इथे तप केलं आणि शके १२३४ मध्ये, म्हणजे इसवी सन १३१२ ला, 'तत्त्वसार' हा ग्रंथ याच गडावर लिहिला. शाळेत भिंत चालवायच्या गोष्टीत ऐकलेला माणूस एकदम साल आणि जागेसकट समोर येतो, मला हे फार भारी वाटतं. ग्रुपमध्ये कुणीतरी हे आधी सांगून ठेवा, नाहीतर सगळे पाया पडून पुढे सटकतात.

देवळासमोर पुष्करणी आहे, सप्ततीर्थ म्हणतात, एका बाजूला ओळीने कोनाडे, त्यात पूर्वी विष्णूच्या मूर्ती होत्या. इथे पोहायला उतरू नका, पाण्यात प्लास्टिकच्या बाटल्या तर आजिबात नको. मग खाली ओढ्याच्या बाजूला केदारेश्वरची गुहा. आत भलंमोठं शिवलिंग, चारी बाजूंनी कमरेएवढं बर्फासारखं पाणी, आणि वर छताला आधार द्यायला चार खांब होते त्यातला एकच शाबूत आहे. सत्य, त्रेता, द्वापार आणि कली, प्रत्येक युगाच्या शेवटी एक खांब तुटतो आणि चौथा तुटला की जगबुडी, अशी गोष्ट गावकरी सांगतात. बरेच जण त्या पाण्यातून लिंगाला प्रदक्षिणा घालतात, पायाला मुंग्या येतात इतकं गार असतं, ज्याला झेपेल त्याने घाला, बाकीच्यांनी डाव्या भिंतीवरचं शिवपूजेचं शिल्प शोधा, ते बहुतेकांना दिसतच नाही कारण सगळ्यांच्या नजरा लिंगावर आणि मोबाईल कॅमेऱ्यावर.

तारामती शिखराच्या पायथ्याच्या गुहांमध्ये एक मोठी गणपतीची मूर्ती आहे, माणसापेक्षा उंच. पूर्वी ट्रेकर्स या गुहांतच राहायचे, अजूनही काही जण राहतात. तारामती शिखर देवळापासून पाऊण-एक तास, साधारण १४०० मीटरच्या वर उंची, हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला आजोबा डोंगर, कळसूबाईची रांग आणि दक्षिणेला सिंदोळा, निमगिरी, हडसर अशी किल्लेमंडळी ओळखू येतात. हे रविवारी सकाळी करा, पण ज्यांचे गुडघे बोलायला लागलेत त्यांना ओढत नेऊ नका, त्यांना देवळापाशी चहा घेत बसू द्या.

कोकणकड्याचं काय? देवळापासून अर्धा-पाऊण तास चालत. पश्चिमेला तोंड करून उभा आहे आणि मधोमध आत गेलेला, नागाने फणा काढावा तसा वरचा भाग पुढे झुकलेला. सूर्यास्ताला तिथे जत्रा असते. पण ज्या इंद्रवज्राचं नाव सगळे घेतात, म्हणजे गोल पूर्ण इंद्रधनुष्य, मध्ये आपलीच सावली, ते संध्याकाळी दिसायचं नाही. त्याला सूर्य पाठीशी आणि समोर दरीत ढग लागतात, कडा पश्चिमेला बघतो म्हणजे सूर्य पाठीशी येणार तो सकाळीच. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये याची नोंद करून ठेवलीय. तेव्हा पावसाळा संपताना गेलात आणि सकाळी दरीत ढग भरलेले असले तर चहा बाजूला ठेवून आधी कड्यावर पळा, नशीब असेल तर दिसेल.

कड्याच्या टोकावर झोपून खाली बघायचं, पोटावर, उभं राहून अजिबात नाही, आणि एका वेळी दोघं-तिघंच. दरीतून वर येणारा वारा कधीकधी असा जोरात असतो की हलक्या वस्तू परत वर फेकल्या जातात, म्हणून लोक गंमत म्हणून काय काय टाकत बसतात, खाली कोकणात बेलपाडा गाव आहे आणि नळीच्या वाटेने माणसं चढत असतात, तुमच्या लोकांना हे करू देऊ नका. अंधार पडल्यावर कड्याकडे कुणीच जायचं नाही, हा नियम आधीच सांगून टाका, त्यात "मी फक्त स्टार ट्रेल काढतो" वाले पण आले.

टेंट स्वतःचे वाहून न्यायची गरज नाही. पाचनईचे लोक वर टेंट लावून देतात, जेवणाचं पण बघतात, पिठलं, भाकरी, ठेचा, भात, आणि दिवसभर चढून आल्यावर त्या पिठल्यापुढे काहीही फिकं. शनिवार-रविवारची गर्दी धरून आधी फोनवर ठरवून ठेवा, किती माणसं, किती बायका, किती टेंट. टेंट कड्यापासून लांब, देवळाच्या बाजूला घ्या, कड्यावर वारा सुटला की रात्रभर कापड फडफडतं, झोप मिळत नाही. बायकांसाठी शौचालयाची सोय आहे का हे तुम्हीच फोनवर विचारून घ्या, त्या लाजून काही विचारत नाहीत आणि मग पाणी कमी पितात, त्याने डोकं धरतं, चक्कर येते.

हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं, १९८६ पासून. म्हणजे लाकडं तोडून शेकोटी नाही, मोठ्याने स्पीकर नाही. स्पीकर वाजवला म्हणून कुणी मरत नाही हे मला माहितेय, पण शेजारच्या टेंटवाल्यांचा आणि गावकऱ्यांचा विचार करा, आणि कड्याकपारीत आग्या मोहोळ असतात, धूर झाला की ती पोळी उठतात आणि मग पळायला जागा नसते. दारूचं ग्रुपमध्ये आधीच स्पष्ट बोला. बाजूला कडा असलेल्या जागी रात्री प्यायलेला माणूस सांभाळणं हे कुणाचंच काम नसतं आणि शेवटी ते ज्याने ट्रेक ठरवला त्याच्याच गळ्यात पडतं, म्हणजे तुमच्या.

चालताना सगळ्यात पुढे एक जण लीड आणि सगळ्यात मागे एक जण टेल, दोघंही आधी गड केलेले असावेत. टेलच्या मागे कुणी राहायचं नाही, लीडच्या पुढे कुणी जायचं नाही, बस्स. ऑफिसच्या ग्रुपमध्ये हमखास एक जिमवाला असतो तो पहिल्या तासात धावत सुटतो आणि उतरताना मांड्या धरून बसतो, त्याला टेलच्या जोडीला द्या, शांत होतो. प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी, हेडटॉर्च (मोबाईलचा टॉर्च चालणार नाही, हात मोकळे पाहिजेत), बुटांना ग्रिप असावी, आणि सकाळी बूट घालायच्या आधी झटकून घ्या, विंचू निघतात. माकडं देवळापाशी पिशव्या ओढतात, खाणं सॅकच्या आत.

राहिला तुमच्या मित्राचा नळीच्या वाटेचा हट्ट. ती वाट कोकणातून, बेलपाड्याहून, दगडधोंड्यांनी भरलेल्या घळीतून वर येते, आठ-दहा तास, मध्ये कातळटप्पे जिथे रोप लागतो, वरच्या माणसाच्या पायाखालून दगड सुटला तर खालच्याला बाजूला व्हायला जागा नाही. ती करायची असेल तर त्याने चार-पाच अनुभवी लोकांबरोबर, वाटाड्या आणि रोप घेऊन, वेगळ्या तारखेला करावी. या बारा जणांना त्यात घालायचं नाही. ऐकत नसेल तर सांगा की तू खालून ये, आम्ही पाचनईने वर येतो, रात्री पिठलं खायला भेटू, आणि बघा मग तो एकटा जायला किती तयार होतो.