'गुरखा' हे कामाचं नाव आहे का?

वर्तकनगरातल्या एका ताईंनी विचारलंय: "सोसायटीच्या फळ्यावर 'रात्रपाळीला नवीन गुरखा ठेवला आहे' असं लिहिलं. एक सभासद म्हणाले, 'नेपाळी' लिहा. बरोबर काय? आणि गुरखा हा शब्द 'गुराखी'वरून आलाय का?"

गुराखीचं आधी. गुराखीतला 'राख' आणि गोरखातला 'रख' दोन्ही मूळ 'रक्ष्'चेच, पण राखण करतो म्हणून गुरखा, असं नाही. गोरखा हे काठमांडूच्या पश्चिमेचं डोंगरातलं गाव. त्याचं नाव गोरक्षनाथांशी जोडतात, म्हणजे गहिनीनाथ, निवृत्तिनाथ करत ज्ञानोबांपर्यंत येणाऱ्या परंपरेतले आपलेच गोरक्षनाथ. तिथला राजा पृथ्वीनारायण शाह. त्याने १७६८ मध्ये काठमांडू जिंकलं आणि आजचा नेपाळ उभा राहू लागला. १८१४-१६ च्या युद्धात या सैन्याशी गाठ पडल्यावर इंग्रजांनी त्यांनाच आपल्या फौजेत घ्यायला सुरुवात केली. मगर, गुरुंग, राई, लिंबू अशा वेगवेगळ्या जमाती, वेगवेगळ्या बोली. पण पलटणीत सगळे 'गुरखा'. आपल्याकडे तेच नाव फाटकावरच्या माणसाला चिकटलं.

आमच्या इमारतीतले दाजू (नेपाळीत मोठा भाऊ) हजेरीच्या वहीत गावापुढे 'अछाम' लिहितात. अछाम पार पश्चिम नेपाळात. मी विचारलं तर म्हणाले, "गोरखा तो दूसरा जिला है, साब. मैं कभी गया भी नहीं." गेली कित्येक वर्षं आम्ही त्यांना गुरखाच म्हणत होतो.

मग 'नेपाळी'? ते नागरिकत्व झालं, आणि तेही विचारल्याशिवाय गृहीत धरू नये. दार्जिलिंगकडची नेपाळी बोलणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या भारतीय आहेत. कुणी परदेशी समजू नये म्हणून ती स्वतःला आग्रहाने 'गोरखा' म्हणवतात. वेगळ्या राज्यासाठीचं १९८६ चं गोरखालँड आंदोलन त्याच नावाने पेटलं. नेपाळी भाषा तर १९९२ मध्ये कोकणीच्या बरोबरीने आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत आली. भूतानमध्ये याच भाषेचे लोक 'ल्होत्सांपा', म्हणजे दक्षिणेकडचे. १९८५ च्या नागरिकत्व कायद्यानंतर त्यांच्याकडे १९५८ सालच्या वास्तव्याचे पुरावे मागितले गेले, आणि नव्वदच्या दशकात सुमारे एक लाख लोक नेपाळच्या झापा-मोरंगमधल्या छावण्यांत येऊन पडले. खुद्द नेपाळात २०२१ च्या जनगणनेत १४२ जाती-जमाती आणि १२४ मातृभाषा नोंदल्या आहेत. नेपाळी मातृभाषा असणारे निम्म्याहून कमी.

मुंबईत एकेकाळी घरकामाला असलेल्या प्रत्येक कोकणी माणसाला 'रामा' म्हणत, त्याचं नाव काहीही असो. ते आपल्याला किती लागलं, हे आजोबांच्या पिढीला विचारा.

म्हणून, ताई, कामासाठी 'रखवालदार' किंवा सरळ 'वॉचमन' लिहा. फळ्यावरची ओळ अशी करता येईल: 'रात्रपाळीला नवे रखवालदार रुजू झाले आहेत.' पुढे त्यांचं नाव, आडनावासकट, त्यांनाच विचारून.