रिपोर्ट कोण नेऊन देणार?

प्रिय पोरी,

परवा नागपुरात मेडिकल चौकात चहा घेताना तुझ्या सिकलसेलच्या थिसिसबद्दल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा, आईबापाकडून येणारा तोच रक्ताचा आजार) तू विचारलंस, "सर, किती सॅम्पल पुरतील?" मी विषय बदलला. राग आला होता, पण तुझा नाही. तुझ्या वयात मीही माझ्या गाईडला हेच विचारलं होतं. "जमतील तितके," ते म्हणाले आणि मी तेवढ्यावर सुटलो.

मी आकडा सांगणार नाही. परत किती वेळा जाणार ते आधी ठरव, मग सॅम्पल मोज.

अगं, सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची पहिली साधी चाचणी, पॉझिटिव्ह आली तरी एएस (नुसता वाहक) की एसएस (खरा आजारी) हे कळत नाही, पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारं इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. म्हणजे नुसतं निदान सांगायलासुद्धा त्याच दारात दुसऱ्यांदा उभं राहणं आलं. आणि आपण काय करतो? पहिल्या फेरीतच टक्केवारी काढतो आणि पेपर पाठवतो.

इथल्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापली. पुढे कित्येक वर्षं आम्हाला ऐकवलं गेलं की भारतातला सिकलसेल सौम्य असतो, आपल्या पेशंटमध्ये गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं आणि ते त्रास कमी करतं म्हणून. विदर्भातली पोरं मात्र पुन्हा पुन्हा भरती होत होती. ज्यांनी तीच पोरं वर्षानुवर्षं पाहिली, त्यांनाच हे खोडता आलं.

"गरीब देशात इतका पाठपुरावा जमत नाही," असं तुझे गाईड म्हणतात ना? अंगोला, काँगो, केनिया, युगांडा या चार देशांत सिकलसेलच्या 606 मुलांना हायड्रॉक्सियुरिया हे त्या आजारावरचं औषध दिलं. या औषधाने मलेरिया वाढेल अशी धास्ती होती. मुलांना तपासणीला बोलावत राहिले तेव्हा दिसलं, तो उलट घटलाय. 2019 मध्ये ते छापून आलं. ते देश काही श्रीमंत नाहीत, बाप्पा!

आता माझं. भिवापूरकडच्या एका गावात मी एका सहा वर्षांच्या पोराचं रक्त घेतलं. एसएस निघालं. ते माझ्या तक्त्यात गेलं, त्याच्या घरी गेलं नाही. काही वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्या गावात गेलो, तर पोरगं खुब्यातून लंगडत होतं. सिकलसेलमध्ये खुब्याचं हाड असं खराब होतं, पण घरचे वात समजून मालिश करत होते. आईने डब्यातून माझ्याच अक्षरातली नंबरची चिठ्ठी काढली. "सायेब, काय निघालं होतं मंग?"

तेव्हा जीप मिळत नसे. ग्रँट संपली होती. रिपोर्ट यायला महिने लागायचे. सगळं खरं आहे. भिवापूरला एसटी जायची, हेही खरं आहे.

त्यानंतर रिपोर्ट घरोघर पोचल्याशिवाय मी एकाही थिसिसवर सही केली नाही. खडूस म्हणाले. दोघं गाईड बदलून गेले, आज त्यांचे पेपर माझ्यापेक्षा जास्त आहेत. असू देत.

2023 पासून सरकारी मोहिमेत 7 कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलंय. चांगलंच आहे, पण तपासणी म्हणजे पहिली भेट. दुसरी कोण देणार?

तुझ्या बजेटमध्ये रिएजंटची, म्हणजे चाचणीच्या रसायनांची ओळ आहे, एसटीच्या भाड्याची नाही. ती घाल, मगच माझ्याकडे ये. त्या पोराच्या धाकट्या बहिणीला आता मुलं आहेत म्हणतात. त्यांची तपासणी झाली का, मला माहीत नाही. पहिली फेरी तिथूनच कर. मीही येतो.

तुझा,
सर