वास्तुरचना आणि रेंडरिंगसाठी ग्राफिक्स कार्ड : आधी मेमरी, मग वेग

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे : तुम्ही ऑटोकॅड व रेव्हिटमध्ये आराखडे, स्केचअपमध्ये मॉडेल आणि एन्स्केप व व्ही-रेमध्ये रेंडर करता, म्हणजे मॉडेलपासून खऱ्यासारखी दिसणारी प्रतिमा काढता. बहुतेक कामे गृहसंकुलांची, म्हणजे इमारतींबरोबर झाडे, रस्ते आणि मोकळ्या जागा असलेली आहेत. सध्या ६ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड आहे, मॉडेल फिरवताना संगणक अडखळतो आणि रेंडरला रात्र लागते. १२ जीबीचे आरटीएक्स ४०७०, १६ जीबीचे आरटीएक्स ४०६० टीआय आणि वर्कस्टेशनसाठीचे १६ जीबीचे आरटीएक्स २००० एडा यांपैकी कोणते घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

उत्तराआधी एक गोष्ट वेगळी करावी लागेल. मॉडेल फिरवताना अडखळणे आणि रेंडरला वेळ लागणे ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि नव्या कार्डाने दोन्ही बरी होतील असे नाही. ऑटोकॅड, रेव्हिट आणि स्केचअप यांचे बरेचसे काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे त्यातल्या एकाच गणन-भागावर चालते. रेव्हिटमध्ये एखादी भिंत सरकवल्यावर तिला जोडलेली दारे, खिडक्या, मापे आणि तक्ते नव्याने मांडले जातात. हा हिशेब प्रोसेसर करतो आणि कार्ड त्या वेळी जवळजवळ रिकामे बसलेले असते. स्केचअपमध्ये कडांची आणि पृष्ठांची संख्या वाढली, सावल्या चालू राहिल्या किंवा बाहेरून आणलेले अतितपशिलाचे फर्निचर मॉडेलमध्ये राहिले, की महागडे कार्डही फारशी मदत करू शकत नाही. त्यामुळे अडखळण्यावरचा उपाय आधी फाईलमध्ये शोधा : न वापरलेले घटक काढून टाका, झाडांसाठी प्रॉक्सी, म्हणजे मूळ वस्तूच्या जागी दिसणारे हलके प्रतिरूप वापरा, जड वस्तू वेगळ्या टॅगवर ठेवून झाकून ठेवा. एवढे करूनही फरक पडला नाही, तर एका कोअरचा वेग जास्त असलेला प्रोसेसर घेण्याचा विचार करा.

रेंडरच्या बाबतीतही हाच प्रश्न आधी विचारायला हवा की काम नक्की करतो कोण. कोरोना हे रेंडर इंजिन (प्रतिमा काढणारा प्रोग्रॅम) प्रतिमा प्रोसेसरवरच काढते. ते वापरणाऱ्याने कार्डावर मोठी रक्कम घालणे म्हणजे चुकीच्या यंत्राला तेल घालणे आहे. व्ही-रेमध्ये प्रोसेसरचे आणि कार्डाचे अशी दोन वेगळी इंजिने आहेत आणि अनेक जण वर्षानुवर्षे पहिलेच वापरत राहतात, कारण सुरुवातीला तेच निवडले गेलेले असते. तुमची रात्र नेमक्या कोणत्या इंजिनात जाते, हे सेटिंगमध्ये आजच पाहा. एन्स्केप, लुमियन, ट्विनमोशन आणि डी५ ही मात्र पूर्णपणे कार्डाच्या बळावर चालणारी साधने आहेत. त्यांच्यासाठी कार्डातले प्रकाशकिरणांचा माग काढणारे (रे ट्रेसिंगचे) स्वतंत्र कोअर उपयोगी पडतात. एनव्हिडियाने ते २०१८ मध्ये आरटीएक्स मालिकेबरोबर आणले. कार्डावर चालणारी बरीच रेंडर इंजिने एनव्हिडियाच्या कूडा या प्रणालीवर वाढली. ब्लेंडर या सॉफ्टवेअरचे सायकल्स हे इंजिन आता एएमडी आणि इंटेलच्या कार्डांवरही चालते, पण व्ही-रे हे तुमचे मुख्य साधन असेल, तर एनव्हिडियाचा मार्गच कमी अडचणीचा आहे असे माझे मत आहे.

आता मेमरीकडे येतो, कारण तुमच्या निवडीचा खरा निकाल तिथे लागतो. टेक्स्चरची, म्हणजे पृष्ठावर चढवल्या जाणाऱ्या प्रतिमेची फाईल डिस्कवर तीन-चार एमबीची दिसते, कारण ती जेपीजीमध्ये दाबलेली असते. रेंडर करताना ती उलगडते. ४०९६ × ४०९६ आकाराच्या प्रतिमेत सुमारे १ कोटी ६७ लाख बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरले, तर ती एक प्रतिमा ६४ एमबी जागा घेते. एका चांगल्या मटेरियलमध्ये (लाकूड, दगड अशा पृष्ठाच्या रूपात) रंग, खडबडीतपणा, उठाव आणि परावर्तन अशा चार प्रतिमा असू शकतात. म्हणजे एका मटेरियलला २५६ एमबी. अशी ३० मटेरियल झाली की साडेसात जीबी संपले आणि अजून इमारतीची भूमिती, झाडे, गवत, प्रकाशाचा हिशेब आणि प्रतिमेतले दाणे काढणारा डिनॉइझर यांना जागा द्यायची आहे. शिवाय विंडोज, मॉनिटर आणि उघडा राहिलेला ब्राउझरही त्याच मेमरीतून आपला वाटा घेतात. काही इंजिने टेक्स्चर दाबून किंवा गरजेपुरतेच आत घेऊन हा भार कमी करतात, पण मूळ हिशेब लक्षात ठेवलेला बरा.

वेग कमी पडला तर रेंडरला तास जास्त लागतो, परंतु मेमरी कमी पडली तर पुष्कळदा रेंडर होतच नाही. हे मी सादरीकरणाच्या आदल्या रात्री अनुभवले आहे. ८ जीबीच्या कार्डावर दिवसभर छोट्या आकारात व्यवस्थित निघणारे दृश्य, पूर्ण आकारात आणि सर्व झाडांसह लावताच बंद पडू लागले. शेवटी मागच्या सर्व मटेरियलची टेक्स्चर २०४८ वर आणली, तेव्हा कुठे पहाटे प्रतिमा हाती आली. आकार निम्मा केला की मेमरी एक चतुर्थांश लागते. कॅमेऱ्यापासून लांब असलेल्या भिंतीला ४०९६ची गरज नव्हती, हे मला तेव्हा नीट कळले. काही इंजिने अशा वेळी बंद न पडता संगणकाची मुख्य मेमरी उसनी घेतात, पण ती कार्डावरच्या मेमरीपेक्षा इतकी संथ पडते की कार्डाचा वेग असून नसल्यासारखा होतो.

म्हणूनच, गृहसंकुलांची कामे पाहता, तुमच्या तीन पर्यायांपैकी मी १६ जीबीचे आरटीएक्स ४०६० टीआय सुचवतो. आरटीएक्स ४०७० त्याच्यापेक्षा निःसंशय वेगवान आहे : त्यात ५८८८ कूडा कोअर आहेत, ४०६० टीआयमध्ये ४३५२, मेमरीचा वेग सेकंदाला ५०४ जीबी आहे, दुसऱ्याचा २८८. तुम्ही मुख्यतः घरांच्या आतील सजावटीची दृश्ये काढत असता, तर मी निःशंकपणे ४०७० म्हटले असते, कारण अशी दृश्ये १२ जीबीत सहसा मावतात आणि तिथे वेगाचा फायदा रोज मिळतो. बजेट थोडे ताणता आले, तर आरटीएक्स ४०७० टीआय सुपरमध्ये १६ जीबी आणि वेग दोन्ही एकत्र मिळतात. दोन छोटी कार्डे लावून मेमरी दुप्पट होईल, या समजुतीत मात्र राहू नका. प्रत्येक कार्डाला संपूर्ण दृश्य आपापल्या मेमरीत ठेवावे लागते, आणि दोन कार्डांची मेमरी जोडून वापरण्याचा एनव्हीलिंक हा मार्ग ४० मालिकेच्या कार्डांवर दिलेलाच नाही.

आरटीएक्स २००० एडाबद्दल. हे कार्ड वाईट नाही. अवघ्या ७० वॉटवर चालते, संगणकाच्या छोट्या पेटीत (कॅबिनेटमध्ये) बसते आणि त्याच्या मेमरीत चुका दुरुस्त करण्याची सोय आहे. परंतु त्यात २८१६ कोअर आहेत, त्यामुळे रेंडरमध्ये ते मागे पडते. अशा वर्कस्टेशन कार्डांबरोबर येणाऱ्या प्रमाणित ड्रायव्हरचे (कार्ड चालवणाऱ्या तपासलेल्या सॉफ्टवेअरचे) महत्त्व यंत्ररचनेच्या सॉलिडवर्क्स किंवा कॅटियासारख्या साधनांत खरे आहे. तुमच्या साधनांत त्याचा फायदा जाणवेल असे मला वाटत नाही.

लॅपटॉपचा विचार मनात असेल, तर नावावर जाऊ नका. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७०मध्ये १२ जीबी असतात, लॅपटॉपच्या त्याच नावाच्या कार्डात ८. ४०९०मध्ये २४ ऐवजी १६. कार्डाला किती वॉट दिले आहेत, हेही उत्पादकाच्या तपशिलात पाहावे लागते, कारण तेच कार्ड कमी वॉटवर बरेच संथ चालते.

पैसे देण्यापूर्वी स्वतःचे मोजमाप करा. तुमची सर्वांत जड फाईल उघडून पूर्ण आकाराचे रेंडर लावा आणि टास्क मॅनेजरमध्ये कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा आकडा पाहा. तो ६ जीबीला जाऊन थांबला असेल, तर खरी गरज त्याहून मोठी आहे. शेजारीच दिसणारी सामायिक मेमरी त्या वेळी किती वाढली ते त्यात मिळवा, म्हणजे अंदाज येईल. त्यावर आणखी एक तृतीयांश जागा पुढच्या कामांसाठी धरा. बेरीज १० जीबीच्या आत राहिली, तर माझा सल्ला बाजूला ठेवून ४०७० घ्या.

वीजपुरवठा आणि पेटीतली लांबी ही दोन मापे खरेदीआधी घ्यावीत. ४०७०साठी एनव्हिडिया ६५० वॉटचा पुरवठा सुचवते. ४०६० टीआयला त्याहून कमी पुरतो. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता कार्डालाच लावा, खेळांसाठीच्या ड्रायव्हरऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर घ्या आणि व्ही-रेमध्ये कार्डाचे इंजिन निवडले गेले आहे ना, हे पहिले रेंडर लावण्यापूर्वी पाहून घ्या.