कॅथी की बेहरानी? थांब जरा

'हाऊस ऑफ सँड अँड फॉग' पहिल्यांदाच वाचतेयस ना? मग लगेच कुणाची बाजू घेऊ नकोस. १९९९ची ही कादंबरी, पण घर नक्की कुणाचं यावरून वाचक अजून हमरीतुमरीवर येतात. कर थकला म्हणून कौंटीने (तिथल्या जिल्हा प्रशासनाने) कॅथीचं घर जप्त करून लिलावात काढलं. तिने नोटिसांचं टपाल फोडलंच नाही, तिचीच चूक, असं बरेच म्हणतात. अहो, पण कर मुळात चुकून लावला होता कौंटीने! आणि बेहरानीने लिलावात घर घेतलं तेही रीतसरच. शहाच्या काळातला इराणी हवाई दलाचा कर्नल कॅलिफोर्नियात रस्त्यावरचा कचरा उचलतो. त्याचा ताठा खटकेल. खटकू दे.

दोघंही 'मी' म्हणून बोलतात, म्हणून ज्याचं प्रकरण आपण वाचत असतो तोच खरा वाटतो. कॅथीचा प्रियकर, पोलीस असलेला लेस्टर मात्र तृतीयपुरुषात येतो. का, ते बघ. (माझा सगळा राग त्याच्यावरच आहे.)

शेवट अति झाला म्हणणारेही भेटतील. मलाही आधी तसंच वाटलं होतं. दुसऱ्या वाचनात कोण कुठे थांबू शकलं असतं, तिथे पेन्सिलीने खुणा केल्या. निम्मं पुस्तक खुणांनी भरलं.