ऑपरेशन दुबईत करू की परळला येऊन?

प्रश्न : मी परळची, वय 61. मुलाकडे दुबईला दीड महिन्यासाठी आले आहे. परवा रात्री पोटात असह्य कळ आली म्हणून इमर्जन्सीत नेलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. इंजेक्शनने दुखणं थांबलं, घरी सोडलं. डॉक्टर ऑपरेशन करून घ्या म्हणतात. मुलगा म्हणतो, ट्रॅव्हल इन्शुरन्स आहेच, इथेच उरकून टाकू. पण दोन वर्षांपूर्वी दादरच्या सोनोग्राफीतही खडे दिसले होते आणि पॉलिसीच्या फॉर्मवर भाच्याने ‘जुना आजार नाही’ अशी टिक केली आहे. मुंबईत माझा बारा वर्षांचा मेडिक्लेम चालू आहे.

उत्तर : ताई, तुम्ही सहज लिहून गेलात, ‘घरी सोडलं’. कंपनीचा माणूस नेमका तिथेच बोट ठेवेल. ट्रॅव्हल पॉलिसी असते अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी. मायदेशी परतेपर्यंत थांबू शकणारं ऑपरेशन सहसा तिच्यात बसत नाही. डॉक्टरांच्या कागदावर ‘इलेक्टिव्ह’, म्हणजे सवडीने करता येण्यासारखं, एवढा एक शब्द आला की क्लेम बोंबलला.

तेव्हा डॉक्टरांकडून दोन गोष्टी लेखी घ्या : ऑपरेशन किती दिवसांत व्हायला हवं, आणि तोवर विमानाने जाता येईल का. ताप, कावीळ, पित्ताशयाला सूज असं काही असेल आणि ते ‘आत्ताच’ म्हणाले, तर माझा कायदा गुंडाळून ठेवा आणि टेबलावर जा. पैशांसाठी मागाहून भांडता येतं.

आता ती टिक. भाच्याला ओरडून उपयोग नाही, कायद्याच्या नजरेत ती तुमचीच. शिवाय त्या रात्री डॉक्टरांनी विचारल्यावर ‘हो, दादरला दिसले होते’ असं तुम्ही बोलून गेला असाल, तर ते केसपेपरवर आहे. कंपनी पहिल्यांदा तोच कागद मागवते. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रवाशाच्या बाजूने निकाल दिला होता. अमेरिकेत उतरताच हृदयविकार, तीन स्टेंट, आणि कोलेस्टेरॉलची गोळी लपवली म्हणून क्लेम नामंजूर. पण त्या गृहस्थांनी मधुमेह फॉर्ममध्ये सांगितला होता. तुमच्या फॉर्ममध्ये सरळ ‘नाही’ आहे. त्या निकालावर मी तुमची केस लढवीन, पण जिंकण्याची हमी देणार नाही.

मुंबईतला मेडिक्लेम मात्र भक्कम आहे. सलग 60 महिने पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, माहिती लपवल्याचं कारण कंपनीला पुढे करता येत नाही. तुमची तर बारा वर्षं झाली. दीड महिन्याच्या ट्रॅव्हल पॉलिसीला हे कवच नाही. म्हणून प्रवासाला हरकत नसेल, तर माझं मत : परळला या.

तिथेच करायची वेळ आली, तर भरती होण्याआधी पॉलिसीवरच्या मदत-क्रमांकावर कळवा, जुनी सोनोग्राफीही सांगा आणि मंजुरी ईमेलवर मागा. फोनवरचं ‘हो जाएगा मॅडम’ पुरावा म्हणून दाखवता येत नाही. जिवावरचंच संकट असेल, तर जुना आजार असूनही काही पॉलिसी खर्च देतात, तेवढं कलम मुलाला वाचायला सांगा.

क्लेम नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही, तर वर्षाच्या आत सांताक्रूझच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येतं. तिथे फी नाही आणि वकील चालत नाही, म्हणजे माझाही खर्च वाचला! नाहीतर ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता तिथे, म्हणजे मुंबईतच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण ऑपरेशनच बिघडलं, तर दाद दुबईतच मागावी लागेल. इथून आदेश मिळवला तरी तिथल्या रुग्णालयाकडून वसुली करणं महाकठीण.

त्या रात्रीच्या इमर्जन्सीचं बिल मात्र ट्रॅव्हल पॉलिसीकडे जरूर मागा. मिळेलच असं नाही, दादरचा रिपोर्ट आडवा येऊ शकतो. तरीही क्लेमच्या कागदांत तो रिपोर्ट आपण होऊनच जोडा, आणि यावेळी फॉर्म भाच्याला भरायला देऊ नका.